मामंजींची पत्रिका

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर, चांगूच्या चहाच्या टपरीला खेटून, सुधीरचं 'कॉम्प्युटर पत्रिका केंद्र' होतं. केंद्र आपलं पाटीपुरतं. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि सुधीर, एवढंच मावायचं. दोन गिऱ्हाइकं एकदम आली की सुधीरला उभं राहावं लागे.

सुधीरला ज्योतिषातलं ओ की ठो कळत नव्हतं. ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही, आणि म्हणूनच लोकांचा त्याच्यावर भरवसा होता. भटजी कोणाचा तरी नातेवाईक असतो, कोणाचा तरी मिंधा असतो, वेळप्रसंगी शनीला एखादं घर इकडेतिकडे सरकवू शकतो. सुधीर काय सरकवणार? शनी कोणत्या घरात राहतो याचा त्याला पत्ताच नव्हता. तो मोठ्याने विचारायचा, घरचे सांगतील ते टाइप करायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. घरच्यांनी सांगितलं नाही असं एक अक्षरही तो स्वतःहून घालत नसे. पुढचं मशीन बघून घ्यायचं.

मशीन महाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने टाकून दिलेलं होतं. सुधीर तिथे टायपिस्ट होता. कंपनीच्या हापिसात विंडोज आलं, त्याच आठवड्यात डॉसवर चालणारे जुने डबे आणि टायपिस्ट असे दोन्ही कमी करण्यात आले. निघताना सुधीरने साहेबांकडून एक डबा मागून घेतला. साहेबांनी दोघांना एकाच टेम्पोतून जाऊ दिलं.

डॉस म्हणजे कॉम्प्युटरची जुनी राहणी. चित्र नाही, रंग नाही, माउस नाही. काळाकुट्ट पडदा आणि डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ, उघडझाप करणारी. महाडच्या हापिसात त्या रेघेकडे कोणी ढुंकून बघत नसे. पोलादपुरात आल्यावर मात्र तिचा मान वाढला. घाटमाथ्यावरच्या वाड्यांतून येणारी माणसं चपला बाहेर काढून आत यायची, त्या रेघेकडे बघायची आणि आवाज खाली आणायची. "जागा हाय," असं एकमेकांना सांगायची. आत कोण जागा आहे हे कोणी विचारत नसे. एवढ्या अंधारात, कोणी बोलावलेलं नसताना, जो असा वाट बघत बसतो, त्याला विचारायचं तरी काय?

आणि मग प्रिंटर. तो काम करायला लागला की असा किंचाळायचा, की स्टँडवरची माणसं हातातला कप खाली ठेवायची. दोन घरांचं गोत जुळवणं ही काही गपचूप व्हायची गोष्ट नव्हे, हे त्या प्रिंटरला ठाऊक असावं.

खरं कौशल्य लागायचं ते जन्मवेळ काढायला. घड्याळ बघून मूल जन्माला घालण्याची पद्धत वाड्यांवर नव्हती. कोणी गुरं परतली तेव्हा जन्मलेलं, कोणी वस्तीची गाडी घाट चढत असताना. वस्तीची गाडी म्हणजे रात्री वाडीवर मुक्कामाला जाणारी एसटी. ती कोणत्या महिन्यात किती उशिरा जाते याचा सुधीरचा अंदाज आगारापेक्षा पक्का होता.

नव्याण्णव साल संपायला आलं तेव्हा टीव्हीवर सांगू लागले, की दोन हजार साल उजाडलं की जगातले जुने कॉम्प्युटर खुळावणार. सालाचे शेवटचे दोनच आकडे त्यांना कळतात, शून्य शून्य दिसलं की ते गोंधळणार, विमानं पडणार. पोलादपुरावरून विमान जात नसल्याने गावाने ही बातमी धीराने घेतली. एक जानेवारीला काही पडलं नाही. उलट सकाळची महाड गाडी वेळेवर आली, हीच काय ती गडबड. सुधीरने मशीन सुरू केलं, रेघ नेहमीसारखी लुकलुकली. त्याने उदबत्ती लावली आणि विषय संपला असं धरलं.

विषय ठमाबाईच्या रूपाने आला, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.

ठमाबाई आंबेनळी घाटातल्या आंबेमाथ्याची. अंगाने काटकुळी, आवाजाने दणकट. दहा म्हशी आणि एक मुलगा एवढा तिचा संसार. त्यांपैकी म्हशी तिचं ऐकायच्या. मुलगा किरण मुंबईत गोदामावर होता. त्याची बायको सुप्रिया सवची, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावची.

"सुधीर, पोरीची पत्रिका काढ."

"कोणाच्या पोरीची, आजी?"

"किरणच्या. तिसरी." तिसरी हा शब्द तिने पायातला काटा काढून टाकावा तसा टाकला. "पाचवी पुजली काल. अजून तोंड नाय बघितलं मी तिचं. मशिनीला येवढंच इचार, हिच्या पाठीवर भाऊ हाय का नाय. नसंल तर मायलेकी चालल्या सवला. तिघी पोरी घेऊन. कायमच्या."

"आणि किरण?"

"त्याला दुसरी बघून ठेवलीय."

 बोलणं हे सुधीरचं काम नव्हतं. सुप्रियाला त्याने लग्नात पाहिलं होतं. तिची पत्रिका याच मशीनमधून निघालेली. छत्तीसपैकी बरेच गुण जुळले होते. मशीनने सासूचे गुण धरले नव्हते.

"जन्म कधीचा?"

"भोगीच्या सांजेला. वस्तीची गाडी चढत व्हती. वळणावर हॉर्न दिला नि पोर झाली."

"साल?"

"हेच की! आत्ता कुठलं चालूय?"

मशीनवर सालासाठी दोन आकड्यांची जागा होती. सुधीरने शून्य शून्य दाबलं. प्रिंटर किंचाळला. आवाज ऐकून चांगू खांद्यावर फडकं टाकून आत आला. निघालेली पत्रिका खणखणीत आवाजात वाचून दाखवायची हा त्याने स्वतःकडे घेतलेला मान होता. शाळा सातवीत सुटली असली तरी आवाज सुटला नव्हता. त्याने कागद फाडून घेतला आणि सुरू केलं.

"श्री गणेशाय नमः. जन्म तारीख चौदा, महिना जानेवारी, सन एकोणीसशे…" तो थांबला. कागद उलटा करून बघितला. "एकोणीसशेच्या पुढं काय नाय. नुसतं एकोणीसशे."

 सुधीरला टीव्हीवरचं सगळं एका क्षणात आठवलं. विमान पडलं होतं, आणि नेमकं त्याच्या टेबलावर पडलं होतं. मशीनने शून्य शून्य पाहिलं आणि शंभर वर्षं मागे जाऊन तिथल्या चौदा जानेवारीच्या संध्याकाळचे ग्रह मांडून दिले. तो "चुकलं, आजी," म्हणणार तेवढ्यात त्याचं लक्ष ठमाबाईकडे गेलं.

ठमाबाई उठून उभी राहिली होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, पार कपाळाखाली.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली.

"सन एकोणीसशे."

"मामंजी," ठमाबाई म्हणाली, आणि काळ्या पडद्यासमोर तिने जमिनीला डोकं टेकलं.

मामंजी म्हणजे तिचे सासरे, येसाजी. येसाजीला सगळा पोलादपूर तालुका ओळखत होता, कारण त्याने कोणाला वय विचारू दिलं नाही. स्वतःच सांगत सुटायचा. साल आणि येसाजी बरोबरीने चालायचे. सत्तेचाळीस साली तो सत्तेचाळीसचा होता, बासष्टच्या लढाईत बासष्टचा. आंबेमाथ्यावर कॅलेंडर लागत नसे. म्हाताऱ्याला वय विचारलं की साल कळायचं. "शंभर बघूनच जाईन," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचा. आणि गेल्या दिवाळीत, अभ्यंगस्नान करून, फराळाला बसला असताना गेला. "नव्याण्णववर आउट," चांगू त्या वेळी हळहळला होता.

ठमाबाई उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हनले व्हते, शंभर पुरी करीन. केली बघ."

"पण आजी, पाठीवरच्या भावाचं काय?" चांगूने विचारलं.

"गप रे! मामंजींच्या पाठीवर भाऊ इचारतोस? चार व्हते. समदे वर गेले."

तिने कागद घडी न करता, दोन्ही हातांवर, नैवेद्याच्या ताटासारखा धरला आणि तशीच गाडीत जाऊन बसली. सुधीर दारात उभा राहिला. खरं सांगितलं तर काय होईल हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी मशीन लागत नव्हतं. तिघी पोरी, एक आई आणि सवचा रस्ता. तो आत आला आणि मशीन बंद करायला त्याने हात पुढे केला. रेघ लुकलुकत होती. कुठल्या तरी दूरच्या शहरात, कोण्या हुशार माणसाने, जागा वाचावी म्हणून सालातले पहिले दोन आकडे गाळले होते. त्या वाचलेल्या जागेत आता आंबेमाथ्यावरची चार माणसं राहणार होती. सुधीरने हात मागे घेतला. त्या दिवशी त्याला मशीन बंद करवेना.

पुढच्या बातम्या वस्तीच्या गाडीने येत गेल्या, आणि चांगूने त्या गाळून, साखर घालून सगळ्यांना पाजल्या.

ठमाबाई आता नातीसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. नात पाळण्यात असेल तर ही पाटावर बसत नसे, जमिनीवर बसे. सुप्रियाला ओलं-कोरडं काम बंद झालं. मामंजींना पाजणारीने गार पाण्यात हात घालायचे नाहीत. दोघी थोरल्या पोरींनाही दूध पहिल्यांदा मिळू लागलं, कारण आता त्या मामंजींच्या बहिणी झाल्या होत्या. हे नातं कसं लागतं हे वाडीतल्या जाणत्यांनी बसून तपासलं आणि बरोबर ठरवलं.

वाडीला शंका नव्हती असं नाही. पण पुरावे बघायला माणसं गेली ती गप्प होऊन परत आली. तोंडात दात नाही, डोक्यावर केस नाहीत, कोणी धरल्याशिवाय बसता येत नाही, हाक मारली तर ऐकत नाही आणि मनासारखं झालं नाही की अख्खी वाडी उठवते. सगळं जसंच्या तसं होतं. बांधावरून दोन भावांचं वाजलं तेव्हा बैठक पाळण्याजवळ बसली. एकाने तोंड उघडलं आणि पोरीने भोकाड पसरलं. बांध दुसऱ्याचा ठरला.

फक्त बारसं झालं नाही. ज्याला एकदा नाव ठेवून झालंय त्याला पुन्हा काय ठेवायचं? आणि जे नाव होतं ते घरातल्या सुनांनी घ्यायचं नसतं. त्यामुळे पोर मामंजीच राहिली. बाकी सगळं ऐकून सुधीर थक्क व्हायचा आणि मनातल्या मनात हसायचाही. हे शेवटचं ऐकलं की मात्र त्याचं हसू अर्ध्यावर राही.

इकडे त्याची पंचाईत वेगळी होती. लग्नाळू पोरापोरींच्या पत्रिका मशीन बिनबोभाट काढून देत होतं. ते सगळे गेल्या शतकातले. पण नव्या सालातलं बाळ आलं की सुधीर म्हणायचा, "रिबन संपलीय." जानेवारीत संपलेली रिबन शिमगा उलटला तरी येईना, तेव्हा बाळांच्या आज्यांनी त्याच्या दारात उभं राहून त्याचा उद्धार करायला सुरुवात केली. महाडला म्हणे रंगीत पत्रिका निघते, वर गणपती, खाली सही करायला जागा. जुन्या मशीनशी त्याने एकदा मनातल्या मनात बोलून घेतलं, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर विंडोज आणलं.

आणलं म्हणजे निशिगंधाने आणलं. ती महाडला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची, मशीनं जोडून द्यायची, आणि सुधीरला काका म्हणायची. तिने जुना डबा उचलून भिंतीकडच्या फळीवर ठेवला, नवा मांडला आणि बटण दाबलं.

निळं आभाळ उगवलं. त्यात पांढरे ढग.

दारात जमलेली माणसं एकदम मागे सरकली आणि मग दुप्पट पुढे आली. "आयला, उजाडलं की आत," चांगू म्हणाला. इतकी वर्षं त्या डब्यात अंधार होता. आत जो कोणी बसला होता, तो इतके दिवस अंधारात बसून काम करत होता, असं सगळ्यांच्याच मनात आलं असावं. कारण दोघाचौघांनी वळून फळीवरच्या जुन्या डब्याकडे बघितलं. सुधीर तर बघतच राहिला. निशिगंधाने माउस हलवला आणि पडद्यावरचा बाण हलला, तेव्हा त्याला एकाच वेळी आनंद झाला आणि आपण म्हातारे झालो हेही कळलं.

"काका, ह्यात साल पूर्ण टाकायचं हं. चारही आकडे," निशिगंधा म्हणाली. "तुमच्या त्या जुन्यात शून्य शून्य टाकलं की एकोणीसशेचं निघालं असतं. नशीब तुमची रिबन संपली होती!"

"नशीबच," सुधीर म्हणाला.

दुपारच्या गाडीने आंबेमाथ्याची माणसं उतरली. पुढे सुप्रिया, हातात पोर. मागे दोन पावलं सोडून ठमाबाई, डोक्यावर पदर, आणि हात लांब करून पोरीच्या डोक्यावर छत्री धरलेली. स्टँडवरच्या लोकांनी वाट करून दिली. कोणी हसलं नाही. हसू येण्यासारखं होतं, पण ती म्हातारी ऊन स्वतःच्या अंगावर घेऊन अशी चालत होती, की पाहणाऱ्याने नुसतं पाहत राहावं.

"सुधीर," ठमाबाई दारातून म्हणाली, "मामंजींची रंगीत काढ. गनपतीवाली. फ्रेम करून भिंतीला लावायची हाय."

 निशिगंधा खुर्ची सोडून बाजूला झाली. गर्दी पुढे सरकली. सुधीरने मनाशी ठरवलं: एक, नऊ, शून्य, शून्य. चार तर आकडे. निशिगंधाला नंतर समजावू. पण मग त्याला स्वतःची रीत आठवली. घरचे सांगतील तेच. आजवर एक अक्षर स्वतःहून घातलं नव्हतं, आणि आज अख्खं शतक घालायला निघाला होता.

"नाव?" त्याने विचारलं.

"मी कशी घेऊ? कोरं ठेव."

"जन्म?"

"भोगीची सांज. वस्तीची गाडी."

"साल?"

 जुन्या मशीनला ठमाबाईने 'हेच' एवढंच सांगितलं होतं. एकोणीसशे मशीननेच तिला सांगितलं होतं. आता हे नवं विचारतंय म्हटल्यावर ती घोटाळली. तिने सुप्रियाकडे बघितलं.

सुप्रिया बारावी झालेली होती. पहिल्या दिवसापासून तिला सगळं माहीत होतं हे तिच्या चेहऱ्यावर सुधीरला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तीन महिने ती बाई एका चुकीच्या छपराखाली लेकी घेऊन बसली होती, आणि छप्पर गळत नव्हतं. तिने गप्प राहायचं होतं, बस्स. सुधीर मनोमन म्हणत होता, गप्प राहा बाई, नाहीतर एकोणीसशे म्हण.

सुप्रियाने हातातल्या पोरीकडे बघितलं.

"दोन हजार," ती म्हणाली.

"काय?" ठमाबाई.

"दोन हजार, आत्याबाय. मी होते की तिथं. माझ्या ध्यानात हाय."

छत्री जमिनीवर टेकली. सुधीरची बोटं चालेनात. त्याने सुप्रियाकडे पुन्हा पाहिलं, अजून वेळ आहे, अशा नजरेने.

"टाका दादा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "तीन महिने माझ्या पोरीला कोनी पोरगी म्हनून हाक नाय मारली. मी रागे भरू शकत नाय, लाड करू शकत नाय. सवला जायचं तर जाईन. पोर माझी घेऊन जाईन."

सुधीरने दोन हजार टाकलं.

सगळे प्रिंटरच्या किंकाळीची वाट बघत होते. ती आलीच नाही. नवा प्रिंटर नुसता श्वास घेतल्यासारखा करत राहिला, आणि कोणी पावलं न वाजवता घरात यावं तसा कागद बाहेर आला. वर तांबडा गणपती. चांगूने तो उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात वाचला.

"जन्म सन दोन हजार. रास मीन. नक्षत्र रेवती. नाव… नाव कोरं हाय."

ठमाबाईने पडद्यावरच्या आभाळाकडे बराच वेळ बघितलं.

"ह्यात मामंजी नायत?"

"नाहीत, आजी," सुधीर म्हणाला. आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. "जुन्या मशीनमध्ये साल पुरतं लिहायला जागा नव्हती. दोनच आकडे मावायचे. म्हणून ते शंभर वर्षं मागचं धरायचं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

निशिगंधाने कपाळाला हात लावला. चांगूने कागद टेबलावर ठेवला. बाहेर कंडक्टरने घंटी दिली, तरी कोणी हललं नाही.

"जागा नव्हती," ठमाबाई स्वतःशी म्हणाली.

ती फळीजवळ गेली. जुना डबा तिथे होता, पडदा काळा, आणि आता रेघही नाही. तिने त्यावर हात ठेवला. गोठ्यात जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा, सबंध तळवा टेकवून.

"जागा नव्हती, म्हनून दोघं एकात राह्यले. मामंजींना त्यांची शंभरी भरायची व्हती, नि हिला जलमाला यायचं व्हतं. आता चार आकड्यांची जागा झाली. मामंजी मोकळे झाले."

 निशिगंधाला कॉम्प्युटरचं सगळं कळत होतं, तरी तिचा हात कपाळावरून खाली आला. सालाचे चारही आकडे मावावेत म्हणून जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी अपार कष्ट घेतले होते, आणि त्या कष्टांचा अर्थ या अडाणी बाईने एका वाक्यात सांगून टाकला होता. दोघांची सोय नीट लागावी म्हणून तर हे सगळं चाललं होतं. 

ठमाबाईने डोक्यावरचा पदर खाली घेतला. पांढरे केस तीन महिन्यांनी उन्हाला दिसले. ती जमिनीवरच फतकल मारून बसली आणि तिने हात पुढे केले.

"आन तिला."

सुप्रिया जागची हलेना.

"आन गो! घरात नात हाय नि तीन महिने मला मांडीवर घेता येईना. सासऱ्याला मांडीवर कोन घेतो? मुका घेयाची चोरी. राती पाळना हलवायची नि तोंड फिरवून रडायची मी."

सुप्रियाने पोर तिच्या मांडीवर ठेवली. ठमाबाईने पोरीचे इतके मुके घेतले की ती आधी दचकली, मग भोकाड पसरायच्या बेतात आली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, म्हातारीचं नाक धरून बसली.

"नाक सोड, भवाने," ठमाबाई म्हणाली. पोरीला आयुष्यातली पहिली शिवी मिळाली. सुप्रियाने डोळ्यांना पदर लावला.

"आणि तू कशापायी रडतेस? सवला जायाचं म्हनत व्हतीस ना? जा. चार दिस ऱ्हा, तिघी पोरींना गरम पान्यानं न्हाऊ घाल नि आयतवारच्या गाडीनं घरी ये. म्हशी काय माझ्या एकटीच्या नायत. किरणला मी सांगते काय ते."

मग तिला बारशाची आठवण झाली. तिने सुधीरला विचारलं, नाव कुठल्या अक्षरावरून आलंय. सुधीरने कागदात बघून सांगितलं, 'ची'वरून.

"चिंगी!" चांगू लगेच म्हणाला.

"चिन्मयी छान आहे, आजी," निशिगंधा म्हणाली.

ठमाबाईने दोघांनाही हाताने गप्प केलं. "तू काय म्हनतेस गो हिला?" तिने सुनेला विचारलं. "कोन नसताना. काय तरी म्हनत असशीलच."

 सुप्रिया खाली बघत म्हणाली, "श्रुतिका."

"पण आजी, पत्रिकेत 'ची' आलंय," सुधीरने आठवण दिली. सांगणं त्याचं काम होतं.

"मशिनीला काय कळतंय?" ठमाबाई म्हणाली. "आयेनं ठेवलंय ना."

कंडक्टरने पुन्हा घंटी दिली. ठमाबाई पोरीला कडेवर घेऊन उठली. छत्री सुप्रियाच्या हातात दिली आणि भर उन्हातून पुढे चालू लागली. गाडीत चढताना तिने पोरीला शेजारच्या बाईला दाखवलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण ती बाई हसली.

गाडी घाटाच्या दिशेने वळली तेव्हा निशिगंधाचं लक्ष टेबलाकडे गेलं.

"काका, त्यांची पत्रिका इथेच राहिली की!"

"राहू दे," सुधीर म्हणाला. गणपतीचा तांबडा रंग अजून ओला होता.